गुरूला खोडून काढणारे प्रबंध : शिकागोच्या समाजशास्त्र विभागाची वाटचाल

१९०० च्या सप्टेंबरात 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी' या नियतकालिकात शिकागोतल्या कृष्णवर्णीयांमधल्या गुन्हेगारीवर एक लेख छापून आला. लेखक मनरो वर्क, वय चौतीस. आईवडील गुलामगिरीत वाढलेले. स्वतः शेतात राबून, वयाच्या तेविसाव्या वर्षी हायस्कुलात दाखल झालेला हा माणूस आता शिकागो विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होता. पोलिसांच्या नोंदी आणि जनगणनेचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्याने दाखवलं की गुन्ह्यांचं मूळ रक्तात सापडत नाही. ते दारिद्र्यात आणि गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाच्या अस्थिर अवस्थेत शोधावं लागतं. त्या नियतकालिकात कृष्णवर्णीय लेखकाचा हा पहिला लेख.

वंश आणि वर्ग यांच्या अभ्यासाचं शिकागोतलं पहिलं पान असं एका विद्यार्थ्याने लिहिलं आहे. मला या विभागाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. संस्थेचा इतिहास सहसा विभागप्रमुखांच्या नावांनी सांगितला जातो. शिकागोपुरतं तरी तसं करणं अन्यायाचं होईल. तिथे विषमतेबद्दल जे टिकाऊ ज्ञान तयार झालं, त्यातलं बरंचसं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी, आपल्याच गुरूंच्या सिद्धांताला धक्का देत तयार केलं.

विद्यापीठ उघडलं १८९२ च्या ऑक्टोबरात, रॉकफेलरच्या पैशावर. पदव्युत्तर संशोधनाची सोय असलेला अमेरिकेतला पहिला स्वतंत्र समाजशास्त्र विभाग तिथे ॲल्बियन स्मॉल यांनी सुरू केला. वर उल्लेखलेलं नियतकालिकही त्यांनीच १८९५ मध्ये काढलं. विद्यापीठाला लागून मिडवे नावाचा एक लांबलचक हिरवा पट्टा आहे. १८९३ चं जागतिक प्रदर्शन त्याच परिसरात भरलं होतं. आपल्याकडे त्याची आठवण त्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे आणि स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे राहिली आहे. पण मिडवेवर त्या उन्हाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीचं एक 'खेडं'ही मांडलं होतं, माणसांसकट, तिकीट काढून बघण्यासाठी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना मात्र प्रदर्शनात मानाची जागा नव्हती. आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी त्याविरुद्ध पुस्तिका काढून तिथेच वाटली. समाजशास्त्राचा नवा विभाग आणि हे 'खेडं' यांच्यात पायी चालण्याइतकंच अंतर होतं.

याच काळात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून घराघराची माहिती गोळा करत होते. हार्वर्डची पीएच.डी. घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय. बर्लिनला जाऊन तिथल्या अर्थशास्त्रज्ञांकडे शिकून आलेले. 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा त्यांचा ग्रंथ १८९९ मध्ये आला. एखाद्या शहरातल्या एका वस्तीचा इतका काटेकोर, इतका प्रत्यक्ष पाहणीवर उभा असलेला अभ्यास अमेरिकेत तोवर झाला नव्हता. पुढे अटलांटात त्यांनी वर्षानुवर्षं तसेच अभ्यास चालवले. शिकागोत आणि इतर मोठ्या विद्यापीठांत त्यांची पुरेशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकी समाजशास्त्राचा आरंभ शिकागोतून झाला असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ऑल्डन मॉरिस यांनी २०१५ मध्ये 'द स्कॉलर डिनाइड' लिहून त्या समजुतीला आव्हान दिलं. शिकागोची थोरवी सांगताना ही बाजू सांगितलीच पाहिजे.

विभागाला खरा आकार आला तो रॉबर्ट पार्क यांच्यामुळे. पार्क मूळचे वार्ताहर. अनेक वर्षं वर्तमानपत्रांत काढून मग जर्मनीत डॉक्टरेट केलेले, आणि त्यानंतर सात वर्षं अलाबामातल्या टस्कीगी इथे बुकर टी. वॉशिंग्टन यांचे सहायक म्हणून राबलेले. पन्नाशीला टेकल्यावर ते शिकागोत शिकवायला आले. विद्यार्थ्यांना ते ग्रंथालयातून उठवून रस्त्यावर पाठवत. नाचघरं, भाड्याच्या खोल्या, कोर्टाचे व्हरांडे, चर्च, कुठेही जा, बसा, बघा आणि टिपून आणा. मुंबई-पुण्यातल्या समाजशास्त्राच्या वर्गांत आज आपण ज्याला क्षेत्रकार्य म्हणतो, त्याची शहरातली घडी बसवण्यात पार्क यांचा आणि त्यांचे सहकारी अर्नेस्ट बर्जेस यांचा वाटा फार मोठा आहे.

पार्क यांचा सिद्धांत मात्र मला नेहमी अपुरा वाटत आला आहे. दोन वंशांचे लोक एकत्र आले की आधी संपर्क, मग स्पर्धा, मग जुळवून घेणं आणि शेवटी एकरूप होणं, असा एक क्रम त्यांनी सांगितला. हे चक्र पुढे सरकणारं आणि उलट न फिरणारं आहे, असं त्यांना वाटे. या मांडणीत ऋतू पालटावेत तसा समाज बदलतो. दार कोणी अडवलं, घरभाडं कोणी वाढवलं, युनियनमधून कोणी बाहेर ठेवलं, हे विचारायला त्यात जागाच उरत नाही.

आणि दारं अडवली जात होती ती विद्यापीठाच्या आसपासच. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले. कत्तलखान्यांना आणि पोलाद कारखान्यांना माणसं हवी होती. दक्षिणेतून रेल्वे भरभरून कृष्णवर्णीय कुटुंबं आली. १९१० मध्ये शहरात ४४ हजार असलेली त्यांची संख्या १९२० मध्ये १ लाख ९ हजार आणि १९३० मध्ये २ लाख ३४ हजारांवर गेली. राहायला मात्र दक्षिण भागातला तोच एक अरुंद पट्टा. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स हा मुलगा पाण्यातल्या अदृश्य सीमेपलीकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि तो बुडाला. पोलिसाने त्या माणसाला पकडायला नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. जखमी पाचशेवर.

दंगलीच्या कारणांचा शोध घ्यायला नेमलेल्या आयोगात सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय सभासद होते. प्रत्यक्ष संशोधनाचा भार उचलला पार्क यांचा विद्यार्थी चार्ल्स जॉन्सन याने. तो स्वतः त्या दंगलीच्या गोळीबारातून वाचलेला. 'द निग्रो इन शिकागो' हा १९२२ चा अहवाल सहाशेहून अधिक पानांचा आहे. घरं, नोकऱ्या, शाळा, ट्राममधला स्पर्श, वर्तमानपत्रांच्या बातम्यांची भाषा, सगळं त्यात तपासलं आहे. माझ्या मते तो अहवाल पार्क यांच्या चक्राच्या विरोधातला पहिला मोठा पुरावा होता. जॉन्सननी गुरूवर उघड टीका केली नाही. पण बाँब टाकलेल्या घरांची यादी वाचल्यावर 'जुळवून घेणं' हा शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे वाचकाला समजतं. पुढे जॉन्सन नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गेले आणि त्याचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. निवृत्तीनंतर पार्कही तिथेच जाऊन राहिले. शेवटची वर्षं त्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या संस्थेत काढली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१९२९ मध्ये एकोणसाठाव्या रस्त्यावर समाजविज्ञान संशोधनाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. बर्जेस यांच्या हाताखाली विद्यार्थी जनगणनेचे आकडे घेऊन शहराचे नकाशे रंगवत. शहराचे ७५ भाग पाडले गेले. पुढे ते ७७ झाले आणि शिकागो महापालिका आजही तेच भाग वापरते. बर्जेस यांनी शहराची वर्तुळं काढली होती. मधोमध व्यापारपेठ, तिच्याभोवती मोडकळीला आलेला पट्टा, मग कामगारांची घरं, मग बरी घरं, सर्वांत बाहेर रोज गाडीने येजा करणाऱ्यांची उपनगरं. नवा स्थलांतरित आत येतो आणि पिढी-दोन पिढ्यांत बाहेर सरकतो, असा त्यामागचा विचार.

एडवर्ड फ्रँकलिन फ्रेझियर १९२७ मध्ये या विभागात आले ते अटलांटातून पळ काढून. तिथल्या समाजकार्याच्या शाळेचे ते संचालक होते. वंशद्वेष हा एक मनोविकारच आहे, असं सांगणारा लेख त्यांनी एका मासिकात लिहिला. शहरातल्या गोऱ्यांनी तो वाचला आणि त्यांना ठार मारण्याच्या धमक्या सुरू झाल्या. पस्तिशीकडे झुकलेला, आधीच नाव मिळवलेला हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला आणि त्याने पीएच.डी.चा विषय घेतला शिकागोतलं कृष्णवर्णीय कुटुंब.

त्या काळी या विषयावर बोलणाऱ्यांत दोन गट होते. एक म्हणायचा, बेवारस मुलं, मोडलेली लग्नं, हे सगळं या वंशाच्या स्वभावातच आहे. दुसरा म्हणायचा, आफ्रिकेतून आलेल्या चालीरीतींचा हा परिणाम. फ्रेझियर यांनी बर्जेस यांचंच हत्यार उचललं. दक्षिण भागातला तो लांब पट्टा त्यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे सात तुकड्यांत विभागला आणि प्रत्येक तुकड्याचे आकडे वेगळे काढले. उत्तरेच्या टोकाला नुकतेच मिसिसिपीहून आलेले अकुशल मजूर. दक्षिणेला सरकत जावं तसे कारागीर, कारकून, शिक्षक, डॉक्टर. आणि त्याच क्रमाने स्वतःच्या मालकीची घरं वाढत जात होती, बायकामुलांना सोडून गेलेल्या पुरुषांचं प्रमाण कमी होत होतं, लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण घटत होतं. कातडीचा रंग तर सातही तुकड्यांत एकच होता. फरक पाडत होतं ते शिक्षण, कामधंदा, शहरात येऊन झालेली वर्षं. 'वंशाचा स्वभाव' ही कल्पना या एका तक्त्यापुढे टिकत नाही.

हे काम १९३१ मध्ये पीएच.डी.साठी मान्य झालं आणि १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आलं. एका वंशातही वर्ग असतात, आणि ते माणसाच्या आयुष्याला वंशाइतकाच आकार देतात, हे आज कोणालाही सहज पटेल. तेव्हा ते आकड्यांनी सिद्ध करावं लागलं. फ्रेझियर यांच्या कामावर पुढे टीका झाली, आणि काही अंशी ती योग्यही आहे. आईने चालवलेल्या घराला ते 'विस्कळित' समजत. गुलामगिरीतून आलेल्या नात्यांच्या बळाकडे त्यांचं लक्ष कमी गेलं. १९६५ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका अहवालाने त्यांचाच आधार घेऊन सारा दोष कृष्णवर्णीय कुटुंबाच्या माथी मारला, तेव्हा उत्तर द्यायला ते हयात नव्हते. बेकारी आणि वंशभेद यांवर त्यांनी आयुष्यभर केलेला प्रहार त्या अहवालाच्या चर्चेत मागे पडला. १९४८ मध्ये ते अमेरिकन सोशिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय.

पण त्यांना प्राध्यापकी मिळाली ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. जॉन्सन फिस्कला. वर्क टस्कीगीला. शिकागो पदवी देई, नोकरी नाही. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या या संस्थांत शिकवण्याचा बोजा प्रचंड, पैसा तुटपुंजा, आणि समाजशास्त्रात पीएच.डी. करणारे विद्यार्थी हाताखाली नाहीत. विद्यार्थी नसले की विचार पुढे नेणारी पिढी तयार होत नाही. ज्ञानाच्या जगातली विषमता अशी काम करते. ग्रंथ राहतात, परंपरा खुंटते.

ऑलिव्हर कॉक्स यांच्या बाबतीत हे सर्वांत जास्त झालं. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या कॉक्स यांना वकील व्हायचं होतं. ऐन तारुण्यात पोलिओने पाय गेले आणि कुबड्या आल्या. कोर्टातली धावपळ जमणार नाही म्हणून ते अर्थशास्त्राकडे आणि मग समाजशास्त्राकडे वळले. १९३८ मध्ये शिकागोतून पीएच.डी. झाले. प्रबंध विवाहाच्या आकडेवारीवरचा, रीतसर, कोणालाही न दुखावणारा. मनातलं त्यांनी दहा वर्षांनी लिहिलं. 'कास्ट, क्लास अँड रेस' हा १९४८ चा ग्रंथ म्हणजे शिकागोच्या सबंध घराण्याला दिलेलं आव्हान आहे.

इथे मराठी वाचकाचा संबंध थेट येतो. १९३६ मध्ये शिकागोचे लॉइड वॉर्नर यांनी एक छोटा लेख लिहून मांडलं की अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे आणि काळे ही एकमेकांशी रोटीबेटी तोडणारी, जन्मावर ठरलेली गटरचना असून तिला जातिव्यवस्थाच म्हणावं. ही कल्पना तिथे भराभर रुजली. त्याच १९३६ मध्ये मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापलं आणि जात म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक फाळणी आहे, असं ठामपणे लिहिलं. त्याच्या वीस वर्षं आधी, १९१६ च्या मे महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी वाचलेल्या निबंधातही जातीची उत्पत्ती त्यांनी विवाहावरच्या बंधनांत शोधली होती, रक्तात नव्हे.

कॉक्स वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी आले. अमेरिकेतल्या वंशभेदाला जात म्हणू नका, असं ते म्हणाले. वंशद्वेष हा जुना, सनातन काही नाही. युरोपच्या वसाहती आणि स्वस्त मजुरीची गरज यांतून तो पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून घडवला गेला. मजुराला माणसापेक्षा कमी ठरवलं की त्याला कमी मजुरी देता येते. पार्क, वॉर्नर, स्वीडनहून आलेले गुन्नार मिर्डाल, सगळ्यांवर त्यांनी एकच आक्षेप घेतला. तुम्ही गोऱ्या माणसाच्या मनाबद्दल बोलता, कोणाचा फायदा होतो ते बोलत नाही. वंश आणि वर्ग यांची गाठ इतक्या स्पष्टपणे त्यांच्याआधी फार थोड्यांनी दाखवली होती.

भारताबद्दल मात्र त्यांचं चुकलं, आणि ते ठळकपणे सांगितलं पाहिजे. हिंदू जातिव्यवस्था स्थिर आहे, खालच्या जातींनीही ती मनोमन स्वीकारलेली आहे, म्हणून तिथे वंशभेदासारखा संघर्ष नाही, असं त्यांनी धरलं. त्यांचं पुस्तक आलं तेव्हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला एकवीस वर्षं झाली होती. 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण करून जोतीराव फुल्यांनी दोन्ही संघर्षांचं नातं १८७३ मध्येच सांगितलं होतं. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेरीस उत्तरही पाठवलं. ज्यांची स्थिती सारखी होती त्यांना एकमेकांची ओळख पटली होती. ग्रंथांवरून भारत समजून घेणाऱ्या कॉक्स यांच्यापर्यंत ती पोचली नाही.

कॉक्स टेक्सासमधल्या वायली कॉलेजात, मग टस्कीगीत, मग मिसूरीतल्या लिंकन विद्यापीठात शिकवत राहिले. पीएच.डी.चा एकही विद्यार्थी नाही. १९७१ मध्ये, मृत्यूच्या तीन वर्षं आधी, समाजशास्त्र्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ड्यू बॉइस, जॉन्सन आणि फ्रेझियर यांच्या नावाचा नवा पुरस्कार पहिल्यांदा त्यांना दिला.

१९४५ मध्ये 'ब्लॅक मेट्रोपोलिस' आलं. लेखक सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन, दोघेही शिकागोत शिकलेले. ड्रेक यांची पीएच.डी. नंतर मानवशास्त्रात झाली, केटन यांची कधीच पूर्ण झाली नाही. बेकारीच्या वर्षांत सरकारी रोजगार योजनेच्या पैशावर शेकडो माणसं कामाला लावून केलेली ही पाहणी. तिने बर्जेस यांच्या वर्तुळांना छेद दिला. पोलिश, इटालियन, आयरिश कुटुंबं पैसा हाती आला की बाहेर सरकत होती. कृष्णवर्णीय डॉक्टरला पैसा असूनही सरकता येत नव्हतं. शहराची ही ठेवण नैसर्गिक नव्हती. मालमत्तेच्या करारपत्रांतच, हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही अथवा भाड्याने देणार नाही, अशी कलमं घातलेली होती.

आणि शिकागो विद्यापीठाने त्या कलमांचं समर्थन केलं होतं. परिसरातल्या घरमालकांच्या संघटनांना, कलमं कोर्टात टिकवण्यासाठी, विद्यापीठाने पैशांची मदत पुरवली. वॉशिंग्टन पार्कजवळ घर घेणाऱ्या कार्ल हॅन्सबेरी यांचा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांची मुलगी लोरेन हिने पुढे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक लिहिलं. अशी कलमं न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, हे १९४८ मध्ये ठरलं. त्यानंतर १९५० च्या दशकात नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली विद्यापीठाच्या पुढाकाराने हाइड पार्कमधली घरं पाडली गेली आणि हजारो गरीब कुटुंबं हलवली गेली. एका इमारतीत विद्यार्थी वस्तीच्या सीमेचा अभ्यास करत होते आणि त्याच विद्यापीठाच्या कचेरीत ती सीमा राखण्याचे निर्णय होत होते. संस्थेच्या इतिहासातलं हे पान मला सर्वांत जड वाटतं. विभागाने या विरोधात सामूहिक आवाज उठवल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

पुढची दोन दशकं पद्धतींच्या, व्यवसायांच्या, दैनंदिन व्यवहाराच्या अभ्यासात गेली. गॉफमन, बेकर या समाजशास्त्रज्ञांची नावं त्याच काळातली. वंशाचा प्रश्न थोडा बाजूला पडला. ऑगस्ट १९६३ मध्ये, नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनचा महामोर्चा निघाला त्याच महिन्यात, शिकागोत शिकलेले एव्हरेट ह्यूज यांनी समाजशास्त्र्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदावरून आपल्या व्यवसायबंधूंना विचारलं, हे आंदोलन येतंय हे आपल्याला आधी का दिसलं नाही? त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. कॉक्स यांना एखादा शिष्य मिळाला असता तर त्याने कदाचित उत्तर दिलं असतं.

१९७२ मध्ये विल्यम ज्युलियस विल्सन विभागात आले. पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, आईने सहा मुलं वाढवलेली. १९७८ च्या 'द डिक्लायनिंग सिग्निफिकन्स ऑफ रेस' या पुस्तकात त्यांनी म्हटलं की नोकरीच्या बाजारात कृष्णवर्णीय माणसाचं नशीब आता वंशापेक्षा वर्गाने अधिक ठरतं. कृष्णवर्णीय समाजशास्त्र्यांच्या संघटनेने जाहीर निषेध केला. मला शीर्षक अतिरेकी वाटतं, पण आतला युक्तिवाद फ्रेझियर यांच्याच वाटेवरचा आहे. विल्सन बघत होते ते समोर घडत होतं. कत्तलखान्यांचं आवार १९७१ मध्ये कायमचं बंद झालं. मार्च १९८० मध्ये विस्कॉन्सिन स्टीलच्या कामगारांना अचानक घरी जायला सांगितलं गेलं. पुढे १९९२ मध्ये युएस स्टीलचा साउथ वर्क्स कारखानाही विझला. ज्यांच्याकडे शिक्षण होतं ती कुटुंबं बाहेर पडली, उरलेल्या वस्तीत ना काम, ना कामाची ओळख देणारा शेजारी. १९८७ चं 'द ट्रूली डिसॲडव्हान्टेज्ड' हे या पडझडीच्या पहिल्या टप्प्याचं वर्णन. मुंबईतल्या गिरणी कामगारांची मुलं-नातवंडं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना ते पुस्तक परकं वाटणार नाही.

विल्सन यांचा मोठेपणा त्यांच्या भोवती जमलेल्या विद्यार्थ्यांत दिसतो, आणि त्यांच्याशी न पटण्याच्या त्या विद्यार्थ्यांच्या मोकळीकीत. फ्रान्सहून आलेले लोइक वाकाँ त्रेसष्टाव्या रस्त्यावरच्या बॉक्सिंगच्या तालमीत दाखल झाले, स्वतः ठोसे खाल्ले, आणि घेट्टो म्हणजे अव्यवस्था हा समज त्यांनी नाकारला. चेन्नईत जन्मून कॅलिफोर्नियात वाढलेले सुधीर वेंकटेश रॉबर्ट टेलर होम्स या सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारतींच्या सरकारी वसाहतीत वर्षानुवर्षं येत-जात राहिले. तिथला पैसा, दादागिरी आणि शेजारधर्म कसे एकमेकांत गुंतले आहेत, ते त्यांनी लिहिलं.

मेरी पॅटिलो यांचं काम मला या सर्वांत निर्णायक वाटतं. १९९७ मध्ये त्यांची पीएच.डी. झाली, १९९९ मध्ये 'ब्लॅक पिकेट फेन्सेस' हे पुस्तक आलं. मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय बाहेर पडले, असं विल्सन म्हणाले होते. पॅटिलो त्यांच्या मागोमाग गेल्या आणि शिक्षक, टपाल कर्मचारी, नर्स यांच्या वस्तीत राहून त्यांनी विचारलं, बाहेर म्हणजे किती लांब? उत्तर निघालं, फार लांब नाही. वर्ग बदलला तरी वस्ती गरीब भागाला लागूनच राहिली. शाळा, बाग, पोलिस ठाणं सामायिक. त्याच पगाराच्या गोऱ्या कुटुंबाच्या मुलाला जे धोके शिवत नाहीत, ते यांच्या मुलांच्या दाराशी उभे. वर्ग वाढूनही वंशाची सीमा कुठे अडवते, हे त्यांनी एका वस्तीत मोजून दाखवलं. फ्रेझियर यांचे सात तुकडे, कॉक्स यांचा प्रश्न आणि विल्सन यांचा दावा, तिन्ही त्या पुस्तकात एकमेकांना भेटतात. मार्गदर्शकाच्या मांडणीतली फट त्यांनी त्याच्याविषयी आदर राखूनच उघडी केली.

विल्सन १९९६ मध्ये हार्वर्डला गेले. रॉबर्ट टेलर होम्सची शेवटची इमारत २००७ मध्ये पाडली गेली. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९८० मध्ये बारा लाखांच्या जवळ होती, २०२० च्या जनगणनेत ती ७ लाख ८८ हजारांच्या आसपास उरली. काही कुटुंबं दक्षिणेकडच्या उपनगरांत गेली, काही परत जॉर्जिया-टेक्सासकडे. ज्या रेल्वेने आजोबा आले तिच्या उलट दिशेने नातवंडं निघाली आहेत, आता बहुधा मोटारीने. भर शहरात चढ्या भाड्याची घरं उभी राहत आहेत आणि गरिबी कडेला सरकते आहे. बर्जेस यांची वर्तुळं उलटी होऊ लागली आहेत. आज विभागात येणाऱ्या विद्यार्थ्याला शहराच्या ७७ भागांच्या नकाशात ही माणसं सापडणार नाहीत. त्याला पन्नास मैलांवरच्या एखाद्या लहान गावात, बसही न जाणाऱ्या भाड्याच्या घरात जावं लागेल, तिथल्या शाळेच्या, दवाखान्याच्या, घरमालकाच्या नोंदी चाळाव्या लागतील आणि 'गरीब वस्ती' म्हणजे नेमकं काय, याची विल्सन यांनी केलेली व्याख्या पुन्हा तपासावी लागेल.